झाकणं अर्धी

ग्रिम्सबीत बुधवारी तिसऱ्या तासाला
मी चार्जिंगच्या ट्रॉलीचं दार उघडते.
एकोणतीस लॅपटॉप, एकोणतीस ठिपके,
हिरवे सगळे; सोळा नंबरचा तेवढा नारिंगी,
रात्रभर ताटावर बसूनही उपाशी.
ब्रोगनच्या वाट्याला नेहमी एम नसलेला येतो.
ती मून लिहायला जाते आणि पडद्यावर उमटतं ऊन.
हसणारी वर्गात मी एकटीच.

गोदीच्या भरती-ओहोटीचे आकडे आले,
आकड्यांपाठोपाठ आलेख,
निळा, गुळगुळीत, कुणी न मागता.
एकोणतीस आलेख
आणि प्रश्न एकही नाही.
जॉर्जाच्या चष्म्याच्या काचेत
कुणीतरी बूट विकायला बसलंय.

"झाकणं अर्धी," मी म्हणते.
पुरती मिटली तर मशीन झोपतं
आणि मग त्याची मनधरणी करण्यात तास जातो.
अर्धी, आमटीवर ठेवतात तशी:
वाफेला वाट राहते, उतूही जात नाही.

"आज तीनला भरती. उद्या किती वाजता?"

रेडिएटर ठकठकला.
नेमके तेव्हाच मिस्टर हॅल्डनबी मागच्या दाराने आले,
हातात तक्ता, तक्त्यात चौकोन:
उपकरणांचा प्रभावी वापर.
समोर एकोणतीस अर्धवट झाकणं
आणि छताकडे बघणारी पोरं.
त्यांचं पेन हवेतच थांबलं.

खिडकीपाशी डोमांतास बसतो.
सप्टेंबरात आला, आईची माशांच्या कारखान्यात रात्रपाळी.
मला त्याचा आवाज अजून माहीत नव्हता.
त्याने झाकण जरा वर केलं, काही टाइप केलं,
आणि मशीनमधली बाई त्याच्या वतीने म्हणाली:
आमच्याकडे समुद्र कुठे जात नाही.

वर्ग फुटला हसून.
जॉर्जा हसली नाही.
तिने बूट बंद केले, क्लायपेडा तीनदा चुकीचं लिहिलं,
चौथ्यांदा सापडलं.
आमच्या सहा मीटरच्या उंटाखाली
त्याच्या गावची रेघ पसरली,
पट्टी ठेवून ओढल्यासारखी.

"तिथे चंद्र नाही का?" ब्रोगन.
"आहे," डोमांतास म्हणाला. स्वतःच्या तोंडाने.
मग तोंड बारीक असलेली बाटली निघाली कुणाच्या तरी दप्तरातून,
बाल्टिक म्हणजे ही बाटली की बादली यावर वाद,
पाणी सांडलं, अकरा नंबरचा थोडक्यात वाचला,
दोन झाकणं उघडली नकाशासाठी, परत अर्धी झाली,
आणि मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

मला हर्णैचे पावसकर आठवले.
घड्याळ नसायचं त्यांच्याकडे.
तिथी विचारायचे, तिची पाऊणपट करायचे,
एवढे तास म्हणाले की तेवढ्यालाच पाणी चढायचं.
पाऊणकी मी पाठ केली होती छडीच्या भीतीने;
ती खाडीत चालते हे शाळेने सांगितलं नव्हतं.
मी फळ्यावर लिहिलं: दर दिवशी पाऊण तास उशीर.
कुठून आणलं, ते नाही लिहिलं.

घंटा झाली. हॅल्डनबी कधी गेले कळलं नाही,
चौकोनात काय गेलं तेही नाही.
लॅपटॉप एकेक खणात परत, मोजले,
अठ्ठावीस.

एकोणतिसावा डोमांतासच्या मांडीवर होता.
झाकण मिटलेलं, वर तळहात,
ओठ हलत होते.
"पावणेचार," त्याच्या हिशेबातून आलं, त्याच्या भाषेत कसंही असो,
माझ्या कानाला पावणेचारच.
मग त्याने झाकण उघडलं.
तीन एकावन्न.

सहा मिनिटं कमी पडली.
"का?" त्याने मला विचारलं.
मलाही नीट सांगता येईना.
मी खुर्ची ओढून शेजारी बसले,
ट्रॉलीचं दार तसंच उघडं,
एक खण रिकामा.